लाकडी बैलाचा सौदा

उद्धवराव आमच्या कारखान्याच्या खरेदी खात्यात होते. बाटल्या, बुचं, खोकी, सुतळी, भुसा, जे काही बाहेरून पिंपरीला येई ते त्यांच्या टेबलावरून येई आणि येताना थोडं स्वस्त होऊन येई. याचा त्यांना अभिमान होता आणि नोकरीपुरता तो रास्तही होता. अडचण एवढीच की संध्याकाळी भोंगा झाला तरी त्यांचं खातं बंद होत नसे. वसाहतीत येणारी भाजीवाली, न्हावी, कल्हईवाला, सगळे त्यांच्या दारावरून जरा लांबून जात. सुमनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगत की लग्नात त्यांनी भटजींकडेही दक्षिणेत सूट मागितली होती. भटजींनी ती दिली आणि दोन मंगलाष्टकं कमी म्हटली.

दोनतीन वर्षांपासून उद्धवरावांना जुन्या कलावस्तू जमवण्याचा नाद लागला होता. मुंबईत मोठमोठे लोक खेड्यातली जुनी लाकडी, पितळी कामं दिवाणखान्यात मांडू लागले आहेत, असं त्यांनी कुठेसं ऐकलं होतं. बघता बघता त्यांच्या बैठकीच्या खोलीत कोरीव पाट, लामणदिवे, काचेवरची चित्रं आणि एक तीन पायांचा चौरंग गोळा झाला. आम्ही शेजारी. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते, वसाहतीत आमच्या खोल्यांची भिंत एकच. त्यामुळे नवी वस्तू आली की मला बोलावणं येई. ती कोणी घडवली, कशासाठी घडवली, हे उद्धवरावांना सांगता येत नसे. कितीला मागितली आणि कितीला पाडली, हे मात्र ते दर वेळी नव्या हावभावांसह सांगत. एका दिव्याची गोष्ट तर इतकी लांब होती की ती संपेपर्यंत मला त्या दिव्याचाच राग येऊ लागला.

"विमलबाई, एक लक्षात ठेवा," ते मला म्हणत. मी आयुष्यात मीठमिरचीखेरीज काही विकत घेत नसे, तरी ते मला शिकवत. "वस्तू आवडली हे डोळ्यांतसुद्धा दिसता कामा नये. आधी खोड काढायची. मग दुसरी काढायची. विकणाऱ्याला स्वतःच्या वस्तूची लाज वाटली पाहिजे. मग किंमत आपोआप खाली येते."

बाटल्या धुण्याच्या खात्यात रंभा नावाची बाई होती, तळवड्याची. तिची मावशी गोजाबाई घरातला जुना लाकडी बैल विकणार आहे, असं तिने एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. मी ते वहिनींना सांगितलं आणि तिथेच माझं चुकलं म्हणायला हवं, कारण रविवारी सकाळी उद्धवरावांची जुनी मॉरिस गाडी आमच्या दारात उभी होती.

"तुम्ही चला. शास्त्र शिकलेलं माणूस बरोबर असलं की वजन पडतं. तुम्ही फक्त लाकडाची खोड सांगायची."

"खोड असली तर सांगेन," मी म्हणाले.

"असतेच हो!"

वैशाख होता. तळवड्यापर्यंतचा रस्ता म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, आणि त्यात मॉरिस अशी चालली होती की जणू तिलाही कोणी तरी किंमत कमी करायला सांगितलं आहे. गोजाबाईंचं घर गावाच्या कडेला, पडवीला लागूनच गोठा. त्या पन्नाशीच्या, उंच, सावकाश बोलणाऱ्या. गोठ्यात एकच बैल होता. शेजारची दावण रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेवरूनही शेण काढून, झाडून ठेवलं होतं.

"फाल्गुनात पान लागलं त्याला, जनावर डसलं," गोजाबाई म्हणाल्या. "रातीतनं गेला. एका बैलावर काय पेरनी व्हती व्हय? मिरगाच्या आदी जोड लागंल असा बैल पायजे. म्हनून ह्याला काढायचा."

'ह्याला' म्हणताना त्यांनी पडवीतल्या कोपऱ्याकडे हात केला.

तो बैल वासराएवढा होता, सागवानी. गोजाबाईंच्या नवऱ्याच्या पणजोबांचा शर्यतीचा बैल होता, हौश्या. तो म्हातारा होऊन मेला तेव्हा पणजोबांनी एका सुताराला चातुर्मासभर घरी ठेवून घेतलं आणि हा करवून घेतला. मान किंचित वळलेली, एक कान मागे, जणू मागून कोणी तरी नावाने हाक मारली आहे. गळ्याखालच्या लोंबत्या पोळीच्या घड्या इतक्या पातळ कोरल्या होत्या की हात लावला तर हलतील असं वाटे. अंगावर दिव्याच्या काजळीचा आणि पिढ्यान्पिढ्या लागलेल्या तेलकट हातांचा काळसर थर होता, पण घड्यांच्या आत हिंगुळाचा लाल आणि झुलीच्या कडेला निळीचा निळा अजून शाबूत होता. गळ्यात जुनं दावं. डावं शिंग अर्ध्यात तुटलेलं. उजवं पूर्ण, वर्तुळांचं, आणि त्यावरून बोटाच्या नखाएवढ्या पानांची एक वेल शेंड्यापर्यंत गेलेली.

मी उद्धवरावांकडे पाहिलं. ते नकळत दोन पावलं पुढे गेले होते. मग त्यांनी चष्मा पुसला, आणि चष्मा डोळ्यांवर गेला तेव्हा फुटक्या बाटल्या पाठवणाऱ्या व्यापाऱ्यासाठी राखून ठेवलेला चेहरा तिथे तयार होता.

"हाच का?" ते म्हणाले. "मला वाटलं, काही तरी बघण्यासारखं असेल."

गोजाबाईंचे दीर तात्याबा जोत्यावर बसून तंबाखू मळत होते. ते चाकणच्या शनिवारच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवत. आवाज ऐकून शेजारपाजारची चार माणसंही येऊन टेकली. सौदा आहे म्हटल्यावर येतातच.

"किती म्हणता?" उद्धवरावांनी विचारलं.

"एक बैल," गोजाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बैल द्यायचा, बैल घ्यायचा. ह्यो तुमी न्या, मला जोडीचा येईल एवढं द्या. मला जास्तीचं नगं."

तात्याबा उठले, खांद्यावरचं उपरणं काढलं, उद्धवरावांचा हात धरला आणि दोन्ही हातांवर उपरणं टाकलं. आत त्यांनी उद्धवरावांची बोटं चाचपायला सुरुवात केली. उद्धवराव दचकले. खरेदी खात्यात कोणी त्यांचा हात धरत नसे.

"हे काय करताय?"

"किंमत सांगतोय."

"मग तोंडाने सांगा की!"

"चारचौघांत?" तात्याबा खरोखरच दुखावले. "आवं साहेब, किंमत कापडाखाली आन खोड उघड्यावर, अशी आमच्या बाजाराची रीत हाय. खोड समद्यांनी ऐकायची. घेनाऱ्यानं आदीच सांगायची, देनाऱ्यानं ऐकून घ्यायची. मागनं नवी काडायची न्हाई."

उद्धवराव हे ऐकून खुलले. खोड उघड्यावर काढायची रीत, म्हणजे हे गाव त्यांच्याचसाठी वसवलं होतं. त्यांनी पुन्हा उपरण्याखाली हात घातला, तात्याबांनी बोटं दाबली. उद्धवरावांच्या भुवया वर गेल्या. साडेतीनशे, असं त्यांनी नंतर मला गाडीत सांगितलं. त्यांनी उलट काय दाबलं ते कळायला मार्ग नव्हता, पण तात्याबांनी उपरण्याखालून हात असा काढला की जणू आत त्यांना विंचू दिसला.

"साठ?" रीत विसरून ते ओरडले. "साठात शेळी येती साहेब. तीबी आजारी."

"मग खोडी ऐका," उद्धवराव म्हणाले, आणि बाह्या सरसावून बैलाभोवती फिरू लागले. "एक तर शिंग तुटलंय. एका शिंगाचा बैल म्हणजे ध्यान दिसतं."

"खरं हाय," तात्याबा म्हणाले.

"रंग कुठे राहिलाय? नुसता काळाकुट्ट. मुंज्या बसल्यासारखा दिसतो कोपऱ्यात."

"ते चुलीच्या धुरानं," गोजाबाई पुटपुटल्या.

"इथे पोटाला चीर गेलीय. डोळे पुसट झालेत, आंधळा वाटतो. आणि ही भोकं! विमलबाई, शास्त्रीयदृष्ट्या सांगा, ही कीडच ना?"

मी वाकून पाहिलं. भोकांच्या कडा गुळगुळीत होत्या, खाली भुकटीचा कण नव्हता. "कीड होती. फार पूर्वी. आता आत काही नाही, लाकूड टणक आहे."

"ऐकलंत? कीड आहे म्हणतात बाई. बी.एस्सी. आहेत त्या."

"मी होती म्हणाले."

"तेच ते."

गोजाबाई बैलाकडे बघत होत्या. मघाशी त्यांनी आम्हाला तो दाखवला तेव्हा त्यांचा हात त्याच्या वशिंडावर होता. तो आता त्यांनी काढून घेतला होता. घरातल्या माणसाचं काही बाहेर समजावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. उद्धवरावांचा धडा बरोबर लागू पडत होता.

तात्याबांनी मात्र एकेक खोड बोटावर घेतली. "शिंग. रंग. चीर. डोळं. भोकं. आनखी काय आसंल तर आत्ताच सांगा साहेब. मागनं म्हनू नगा."

"एवढ्या कमी आहेत का? जुनाट झालाय हो सगळाच!"

"जुनाट," तात्याबांनी दुसऱ्या हाताचं बोट दुमडलं. "बरं. आन ह्या खोडी नसत्या तर?"

उद्धवराव मोठ्या मनाने हसले. ज्या गोष्टीला पैसे पडत नाहीत ती देताना ते नेहमी असेच हसत. "नसत्या तर तुम्ही म्हणता तेवढे डोळे मिटून मोजले असते. आहे काय त्यात?"

"समद्यांनी ऐकलं का?" तात्याबांनी विचारलं. जोत्यावरच्या माणसांनी माना डोलावल्या.

उद्धवरावांच्या पद्धतीत यानंतर निघून जायचं असतं. विकणाऱ्याला चार रात्री तळमळू द्यायचं, मग परत यायचं. पण मधल्या काळात दुसरा कोणी आला तर? त्यांनी दहाची नोट काढून गोजाबाईंच्या हातावर ठेवली. "हा इसार. कोणाला देऊ नका. नीट विचार करा, मी दोन आठवड्यांनी येतो."

"इसार दिला," तात्याबा म्हणाले. "म्हंजी ठरलं."

"ठरलं, ठरलं," उद्धवराव म्हणाले आणि गाडीत बसले.

गाव मागे पडलं. मग त्यांनी स्टिअरिंगवर एक थाप मारली. "विमलबाई, पाहिलंत ते शिंग? ती वेल? हिंगूळ अजून जिवंत आहे हो! मुंबईत कोणाकडे असा नग नाही!" पुढच्या महिन्यात मुंबईचे एक नामांकित संग्राहक त्यांच्याकडे चहाला येणार होते. ते मोठं प्रदर्शन भरवत होते. त्यात हा बैल ठेवला गेला की खाली पाटी लागणार होती, 'उद्धवराव यांच्या संग्रहातून'. त्या पाटीवर अक्षरं कशी असावीत, हेही ठरलेलं दिसलं.

"तो आहे तसाच सुंदर आहे, हे गोजाबाईंना सांगायला हवं होतं," मी म्हणाले. "तुम्ही सांगितलंत ते त्यांना खरं वाटलं."

"वाटायलाच हवं! नाही तर मी एवढा घसा कशाला कोरडा केला?"

पंधरवड्याने आम्ही परत गेलो. उद्धवरावांनी खिशात शंभर रुपये घेतले होते आणि सत्तरपर्यंत चढायची मनाची तयारी केली होती. मला यायचं नव्हतं, पण एव्हाना तो बैल मलाही पुन्हा पाहायचा होता.

अंगण सारवलेलं होतं. मध्यभागी काही तरी गोधडीने झाकून ठेवलं होतं आणि भोवती मागच्यापेक्षा जास्त माणसं होती. रंभाही होती, रविवारची सुट्टी म्हणून. ती मला बघून हसली. तात्याबांनी फेटा बांधला होता.

"या साहेब! आता बघा बैल!"

गोजाबाईंनी गोधडी ओढली.

सुरुवातीला मला फक्त गुलाबी रंग दिसला. तो कोणत्या वस्तूला लावला आहे हे नंतर कळलं. गाड्यांना लावतात तो चकचकीत तेलरंग, दोन हात. झूल हिरवी, तिला पिवळे ठिपके. खुरांना डांबर. पोटाची चीर पुट्टी भरून बंद केलेली, किडीची भोकं मेणाने बुजवलेली. रंगाआधी सारं अंग सोड्याच्या पाण्याने आणि काथ्याने घासून काढल्याचं गोजाबाईंनी सांगितलं, "लई मळ निगाला बाई, दोन बादल्या." डोळ्यांच्या जागी काचेच्या गोट्या बसवल्या होत्या, त्यामुळे मागून हाक ऐकणारा तो बैल आता पोलिसाने पकडल्यासारखा पुढे बघत होता. आणि डोक्यावर दोन शिंगं होती. दोन्ही नवी, बाभळीची, वर लाल गोंडे.

उद्धवरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"शिंग..." ते अखेर म्हणाले. "ते दुसरं... ते चांगलं होतं ना?"

"व्हतं की," तात्याबा म्हणाले. "पर जोडीला जोड नगं का? एक नवं, एक जुनं, फसवल्यावानी दिसतं. सुतार म्हनला दोनी नवी करू. मंग ते कापलं."

"कापलं!"

"टाकलं न्हाई, साहेब," गोजाबाईंनी घाईने सांगितलं आणि पदराखालून फडक्यात गुंडाळलेलं काही तरी काढून त्यांच्या हाती दिलं. "तुमच्या मालाचं हाय, तुमचंच. मोजून समदं देते."

ते पानांच्या वेलीचं शिंग होतं. उद्धवरावांनी ते दोन्ही हातांत धरलं, अस्थी धराव्यात तसं.

"गाडीचा रंगारी चाकणहून आनला," गोजाबाई सांगत होत्या. "तुमी म्हनला ते आईकल्यापासनं मला झोप न्हाई लागली. येवडी खोड असल्याला बैल मी बाहेरच्या मानसाला द्यायला निगाले व्हते. त्यो इसार व्हता ना, त्यात घरचं घालून समदं करून घेतलं. आन शनवारी चाकनला बैल बगून आले. बसका हाय, पर आमच्या ढवळ्याला जोड व्हतोय. त्याला इसार दिलाय. येत्या शनवारी पैका न्हाई दिला, तर त्यो दुसऱ्याच्या दावनीला जानार, आन माजा इसार बुडनार." त्या उद्धवरावांकडे अगदी विश्वासाने बघत होत्या. "मिरीग तर आलाच."

उद्धवरावांनी खाकरून खरेदी खात्याचा आवाज लावला. "हे पाहा, मला हा बैल नको. इसार तुम्हीच ठेवा. व्यवहार रद्द."

तात्याबांनी फेटा जरा सरळ केला.

"मोडायचा असंल तर मोडा. पर चार मानसांत खोड सांगून मोडा. कुटली ऱ्हायली?"

"रंग..."

"रंग गेला म्हनला व्हता. भरला."

"पण हा असा..."

"चीर म्हनला, बुजली. भोकं म्हनला, बुजली. आंदळा म्हनला, डोळं दिलं. बगा की कसा बगतोय तुमच्याकडं."

बैल खरंच त्यांच्याकडे बघत होता. उद्धवराव त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मी त्यांना खोड शोधताना पुष्कळदा पाहिलं होतं. खोड समोर असून ती बोलता येत नाही, असं मात्र पहिल्यांदाच पाहत होते. फेरी संपली आणि त्यांच्याने राहवलं नाही.

"अहो, पण तो जुना राहिला नाही आता!"

"जुना?" गोजाबाईंच्या कपाळावर आठी आली. "तुमीच म्हनला ना, जुनाट झालाय. धा मानसांत म्हनला. मंग..." त्या थांबल्या. काही तरी त्यांच्या मनात हळूहळू जुळत होतं. "म्हंजी साहेब, तवा त्यो चांगला व्हता?"

रंभाने तोंडाला पदर लावला. उद्धवरावांनी एवढंच म्हणायचं होतं की हो, चांगला होता, आणि ते सुटले असते. पण मग पुढचा प्रश्न अंगणात तयारच उभा होता, आणि तो विचारणारी माणसंही. तात्याबांनी तर विचारायला सुरुवातही केली. "म्हंजी तवाच्या खोडी..."

"विमलबाई!" उद्धवराव माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा यांना. शास्त्रीयदृष्ट्या."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी बैलाजवळ गेले. पुट्टीवर नख दाबून पाहिलं, शिंगांचे सांधे पाहिले. काम नीट केलं होतं.

"तुम्ही सांगितलेले सगळे दोष दुरुस्त झाले आहेत," मी म्हणाले. "त्यातला एकही राहिलेला नाही."

"बी.एस्सी. हाईत त्या," तात्याबा जोत्यावरच्या लोकांना म्हणाले.

तरी उद्धवराव लढले, हे सांगायला हवं. त्यांनी तीनशे म्हटलं. तात्याबांनी उपरणंही उचललं नाही. त्यांनी सव्वातीनशे म्हटलं. तात्याबा म्हणाले, "डोळं मिटून मोजीन म्हनला व्हता साहेब. आदी डोळं तर मिटा." खिशात शंभरच होते. मग असं ठरलं की बैल आज न्यायचा आणि तात्याबांनी बरोबर येऊन बाकीचे पिंपरीला घ्यायचे. शेवटी रीत म्हणून गोजाबाईंनी त्या पैशातला सव्वा रुपया नारळासाठी उद्धवरावांना परत दिला.

बैल टपावर चढवायच्या आधी गोजाबाईंनी त्याला कुंकू लावलं, समोर भाकरीचा तुकडा धरला आणि त्याच्या गळ्यातलं जुनं दावं सोडून घेतलं.

"ते दावं त्याच्याबरोबरच..." उद्धवराव म्हणाले. ते दावं जुन्या काळच्या केसांच्या दोरीचं होतं, कवड्या गुंफलेलं. त्यांनी ते पहिल्याच दिवशी हेरलं होतं.

"दावं देत न्हाई आमी," गोजाबाई म्हणाल्या. "बैल जातो. दावं दावनीला ऱ्हातं."

मॉरिस परत निघाली. टपावर गुलाबी बैल, पुढे तात्याबा, मांडीवर फेटा काढून ठेवलेला. देहू रस्त्यावर भेटणारा प्रत्येक गाडीवान थांबून हात जोडत होता. तात्याबा खिडकीतून हात हलवत होते. उद्धवराव समोर बघत गाडी हाकत होते आणि मी मागच्या सीटवर ते शिंग सांभाळत बसले होते.

सुमनवहिनींनी बैल पाहिला, तात्याबांना चहा दिला, कपाटातून पैसे आणून मोजले आणि ते निघून गेल्यावर विचारलं, "आणि हा केवढ्याला पाडलात?"

"सव्वा रुपया कमी केला," उद्धवराव म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते प्रयोगशाळेत माझ्याकडे आले. रंग काढायला काही द्रव्य असेल का, त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"पुष्कळ आहेत. पण त्यांना नवा रंग कुठला आणि जुना कुठला, हे कळत नाही. सगळाच जाईल."

"मग खाली काय उरेल?"

"लाकूड. घासलेलं."

ते निघून गेले. त्यांनी बैल भिंतीकडे तोंड करून व्हरांड्यात ठेवला आणि वर एक चादर टाकली. मुंबईचे पाहुणे आले त्या दिवशीही तो तसाच होता. बारीक, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी दिवे पाहिले, चित्रं पाहिली, चौरंगाचा चौथा पाय कुठे आहे ते विचारलं नाही. त्या सभ्यपणामुळे उद्धवराव आणखी घामाघूम झाले. मग पाहुण्यांचं लक्ष टेबलावर गेलं. तिथे वर्तमानपत्र उडू नये म्हणून त्यावर ते शिंग ठेवलं होतं.

त्यांनी ते उचललं आणि खिडकीच्या उजेडात नेलं. बराच वेळ एक एक पान बघत राहिले.

"हे विलक्षण आहे," ते म्हणाले. "हा कशाचा तरी भाग आहे. बैलाचा असावा. एवढं शिंग जर असं, तर तो बैल... उरलेला कुठे आहे?"

"मिळाला नाही," उद्धवराव म्हणाले. "खूप शोधला."

त्याच वेळी सुमनवहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. टेबलावर जागा नव्हती. त्यांनी पायाने व्हरांड्याचं दार ढकललं, चादर ओढली आणि ट्रे बैलाच्या पाठीवर ठेवला.

"इथेच तर आहे," त्या म्हणाल्या. "साखर किती घालू?"

पाहुण्यांनी व्हरांड्यात जाऊन, वाकून बैलाकडे पाहिलं. गोट्यांच्या डोळ्यांकडे, लाल गोंड्यांकडे. परत येऊन शिंग अतिशय हळुवारपणे जागेवर ठेवलं. "घरात लहान मुलं आहेत वाटतं," ते म्हणाले. उद्धवरावांचा धाकटा मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला होता.

मृग लागून गेल्यावर मी एकदा रंभाबरोबर तळवड्याला गेले. गोजाबाई शेतात होत्या. पेरणी चालली होती, पाभर तात्याबांच्या हातात. नवा बैल बसका होता खरा, पण ढवळ्याच्या पावलाला पाऊल टाकत होता. त्याच्या गळ्यात ते कवड्यांचं दावं होतं.

"आमचा हौश्या बरा हाय का?" गोजाबाईंनी पहिल्यांदा तेच विचारलं. "रंग टिकलाय ना?"

"टिकलाय," मी म्हणाले. तो टिकणारच होता, चांगला तेलरंग होता. "हा कसा आहे?"

"ह्यो व्हय? उजवा पाय जरा वढतो. बाजारातच दिसला मला." त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "पर बगितल्याबगितल्या आवडला. मी त्या इकनाऱ्या हेड्याला तसं तोंडावर सांगून टाकलं. तात्याबा लई वरडला माज्यावर."

"आवडला म्हनून कुनी सांगतं का?" पाभरीमागून तात्याबा ओरडले. "ईस रुपय जास्ती गेलं!"

गोजाबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि बैलाला म्हणाल्या, "चल रं, हौश्या."